टीव्हीकाका आणि केशरी चेहरा

टीव्हीकाका कुणाच्याही घरी गेले की आधी टीव्हीच्या मागे डोकावायचे. इकडे परदेशात, टार्निट नावाच्या उपनगरात आम्ही नवं घर घेतलं, तेव्हा वास्तुशांतीला आलेली मंडळी किचन बघत होती, बॅकयार्ड बघत होती. काका मात्र भिंत आणि टीव्ही यांच्या फटीत मान घालून उभे! "पुढून काय, सगळेच बघतात," ते म्हणाले. समोरच्या घरातल्या मेधाचे ते वडील. मला कायम 'शेजारीणबाई' म्हणत.

तरुणपणी काका सांगलीच्या एका कॉलेजात फिजिक्सचे डेमॉन्स्ट्रेटर होते. गावात टीव्ही यायला अजून अवकाश होता. एकदा फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून पलीकडचा दिवा बघताना त्यांच्या मनात आलं, भोकं पाडलेली चकती जोरात फिरवली तर चेहऱ्याचा एकेक पट्टा टिपता येईल, आणि तशाच दुसऱ्या चकतीतून ते पट्टे जुळवून चेहरा परत दाखवता येईल. बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर त्यांनी भोकं आखलीसुद्धा. मग लायब्ररीत एक जुनं पुस्तक हाती लागलं. हे यंत्र विलायतेत कुणीतरी काकांच्या जन्माआधीच करून मोकळं झालं होतं. दुसरा एखादा खचला असता. काकांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. "अहो, म्हणजे माझं डोकं बरोबर चाललं होतं!"

यंत्र मात्र राहूनच गेलं. लग्न झालं, दुकान टाकलं, आणि लोकांचे टीव्ही दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं सरली. काकू गेल्यावर मेधाने त्यांना इकडे आणलं.

इथे आल्यावर त्यांची नजर अधू होऊ लागली. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी होतोय, डॉक्टर म्हणाले. समोरच्या माणसाचं तोंड दिसेना, कडेकडेचंच काय ते दिसायचं. मेधा माझ्याकडे येऊन रडली. काका दुसऱ्या दिवशी तिला म्हणाले, "मला त्या मेन्स शेडला सोड. आता थांबून चालायचं नाही."

शेडमध्ये निवृत्त पुरुष जमून लाकूडकाम, पत्राकाम करतात. तिथे ट्राम दुरुस्त करण्यात हयात गेलेला बॅरी त्यांना भेटला. काकांचं इंग्रजी बेताचं, बॅरीचं दातांतल्या दातांत. पण काकांनी हवेत चकती फिरवून दाखवली आणि बॅरी म्हणाला, "नो वरीज, प्रोफेसर." बॅरी भोकं पाडायचा, काका बोटाने चाचपायचे. एखादं जरा सरकलं की मान हलवायचे. बॅरी शिवी हासडून नवा पत्रा घ्यायचा. तीन चकत्या वाया गेल्या, मैत्री पक्की झाली.

एका रविवारी दुपारी मेधाच्या गराजचं शटर खाली ओढलं. एका टोकाला प्रखर दिव्यासमोर बॅरी बसला. दुसऱ्या टोकाला आम्ही. चकत्या घुमू लागल्या. आमच्याकडच्या चकतीमागे निऑनचा दिवा होता, त्यात आधी नुसत्या केशरी रेघा. काकांनी आवाजाचा कानोसा घेत मोटरचा वेग किंचित वाढवला आणि तिकिटाएवढ्या चौकोनात चेहरा उमटला.

"ओ माय गॉड, बॅरी इज ब्लिंकिंग!" त्यांची नात इरा ओरडली.

"नाक दिसतंय?" काकांनी विचारलं.

"दिसतंय, बाबा," मेधा म्हणाली. "हसतोय तो."

काका यंत्रासमोर वाकले. समोर बघून उपयोग नव्हता. त्यांनी हळूच मान वळवली, रुसल्यासारखं तोंड फिरवलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "हललं. शेजारीणबाई, हललं की हो!" इराने त्यांचा हात धरला.

पुढच्याच वर्षी मेधाला ब्रिस्बेनला नोकरी लागली आणि सगळे तिकडच्या स्प्रिंगफील्ड लेक्सला राहायला गेले. समोरच्या घरात आता पंजाबी कुटुंब आहे. यंत्र शेडमध्येच राहिलं, आणि मला वाटलं, संपलं हे.

गेल्या हिवाळ्यात बॅरी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, गाडीला जोडून ब्रिस्बेनकडे निघाला आणि जाताना निरोप घ्यायला आला. पुढच्या सीटवर त्याची बायको, मांडीवर उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेल्या चकत्या. "एवढ्या लांब हे कशाला?" मी विचारलं.

"प्रोफेसरचा फोन आला होता, मेट," बॅरी म्हणाला. "आता त्याला रंगीत हवंय."