दादा समजून जिला बादलीत काढलं

मंडळी, आज माझ्या हातून पाप झालंय.

करी रोडच्या आमच्या घरी फिश टँकमध्ये इतर माशांसोबत क्रिबेन्सिस माशांची जोडी आहे. त्यातला लाल-जांभळ्या पोटाचा छोटा मासा दिसायला एकदम भारी. गप्पी माशांमध्ये रंगीत असतो तो नर, म्हणून यालाही नर धरलं आणि नाव ठेवलं दादा.

सकाळी बघतो तर माशांना लपायला ठेवलेल्या करवंटीच्या तोंडाशी दादा उभा. जवळ येईल त्याच्या अंगावर धावतोय, जोडीदारालाही सोडत नाहीये. मला त्या फिकट 'वहिनी'ची दया आली. "लय दादागिरी झाली रे तुझी," म्हणत दादाला बादलीत काढलं.

संध्याकाळी मित्राला फोटो पाठवला, तर त्याचा लगेच फोन. "अरे येड्या, ही मादी आहे! नर मोठा असतो, त्याचे पर टोकदार असतात. ती अंडी राखत असेल, करवंटीत बघ आधी!"

करवंटी उचलली. बाकीच्या माशांनी अंड्यांचा फडशा पाडला होता.

तिला परत सोडलं, तर सरळ त्या रिकाम्या करवंटीपाशी जाऊन उभी राहिली. मी जवळ गेलो की अजून काचेवर धावून येते.

सांगा, हिच्या राखणीला दादागिरी म्हणणारा मी कोण?