किल्ली खिशात, तरी टेस्टर

चिखलीच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामाआधी पॅनल साफ करायला एक वायरमन येतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मेन स्विच पाडून तो त्याला कुलूप लावतो, किल्ली खिशात टाकतो. मग ऑफिसातल्या चालू सॉकेटात टेस्टर लावून त्याचा दिवा पेटतो का बघतो, आणि त्यानंतर पॅनल तपासतो. कापसाची धूळ झटकायचा ब्रश त्याच्या हातात येतो तो सगळ्यात शेवटी.

यंदा मी वैतागलो. काम कधी संपतं म्हणून मालकाचे दोन फोन येऊन गेले होते. पॅनलपाशी जाऊन म्हणालो, "कुलूप तुमचं, किल्ली तुमच्यापाशी. आता काऊन तपासून राह्यले? घाला हात."

"बंद म्या केला," तो शांतपणे म्हणाला, "पण झाला का नाही, हे त्यालेच इचारा लागते."

पहिल्या दोन फेजवर दिवा लागला नाही. तिसरीवर लागला. स्विचचा दांडा खाली होता, पण आतली एक पट्टी चिकटून बसली होती.

पॅनलचं झाकण लावून तो म्हणाला, "खांबावरून लाइन बंद करायले सांगा."

मी ऑफिसात जाऊन वीज कंपनीला फोन लावला. पलीकडे रिंग वाजत होती आणि मला माझेच दोन शब्द ऐकू येत होते. घाला हात.