मोबाईलची थैली

सरांनी कापडी थैली माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "सगळ्यांचे मोबाईल यात राहतील. तुम्ही इथेच बसा. आम्ही ध्यान करून येतो."

बोधगया. मंदिराचं फाटक. सकाळचे सात-साडेसात झाले असतील. आत मोबाईल नेऊ देत नाहीत आणि लॉकरची रांग ही एवढी लांब. सगळ्यांचं ध्यान एकाच वेळी सुरू व्हायला हवं, असा सरांचा हट्ट. म्हणून एकानं बाहेर बसायचं ठरलं. आम्ही तीस जण होतो. सरांनी इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ माझ्याकडे आले.

मी म्हटलं, "सर, मलापण आत..."

"अहो, तुम्ही तर जन्मजात बौद्ध," सर हसून म्हणाले. "तुमच्या घरातच आहे हे सगळं. ही मंडळी नवीन आहेत. त्यांना बसू द्या आधी."

दोघं-तिघं हसले. वाईट हेतूनं नाही, सहज. कापड दुकानवाल्या भाभींनी आपला फोन थैलीत टाकला. म्हणाल्या, "मावशी, मेरा ऊपर रखना हं. बेटे का फोन आएगा." भाभी माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या आहेत.

आणि मी थैली घेतली. हे आधीच सांगून टाकते, नाही तर पुढचं ऐकून मी फार शूर वाटेन. कुणी बळजबरी केली नव्हती. माझा हातच पुढे झाला. वीस वर्षं वर्ध्यातल्या एका दवाखान्यात आयाचं काम करतेय. मावशी, हे धरा. मावशी, ते उचला. मावशी, जरा इथं थांबा. समोरून काही आलं की हात आधी पुढे होतो, डोकं मागून पोचतं.

सरांचा ध्यानाचा वर्ग वर्ध्यातच भरतो. रविवारी सकाळी सात वाजता, एका शाळेच्या हॉलमध्ये. सर कॉलेजातून रिटायर झालेले. मोठ्या घरचे, मोठ्या जातीचे. बुद्ध त्यांना पुस्तकांतून सापडला. मी वर्गाला जायला लागले ती थकव्यापायी. पाळ्या बदलून बदलून झोप उडाली होती. तिथं तासभर डोळे मिटून बसलं की कुणी हाक मारत नसे. एवढंच सुख होतं, पण ते मला फार होतं. सर म्हणायचे, इथं जात नाही, आडनाव नाही, सगळे धम्ममित्र. मी ते खरं मानलं. फॉर्मवर पूर्ण नाव लिहून दिलं होतं आणि आमच्या भागात आडनाव वाचल्यावर पुढचं काही विचारावं लागत नाही, हे मला कळायला हवं होतं. सहलीचे पैसे मात्र मी सगळ्यांइतकेच भरले होते.

ठिणगी आधी सारनाथलाच पडली होती. गाडीत रोज सकाळी वंदना व्हायची. पहिल्या सकाळी सर म्हणाले, पुस्तकाशिवाय कुणाला येते? मला येते. चार वर्षांची होते तेव्हापासून येते. मी म्हटली, आमच्या विहारात म्हणतात तशी, मोकळ्या गळ्यानं, आणि शेवटी सवयीनं जयभीम म्हटलं. उतरल्यावर सर बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचा आवाज चांगला आहे. पण चाल जरा वस्तीतली वाटते. आणि शेवटी ते जयभीम नको. हा धम्म आहे, राजकारण नाही." दुसऱ्या दिवसापासून वंदना मोबाईलवर लागली.

मी ऐकून घेतलं. मनाशी म्हटलं, बोधगयेला झाडाखाली म्हणू, तिथं कोण अडवतंय. कारण मी निघाले तीच मुळी त्याच्यासाठी.

आई कारंजा घाडगेच्या पुढं एका खेड्यात राहते. गुडघे गेलेत तिचे, अंगणापलीकडे जात नाही. लहान असताना ती माझ्या आजोबांच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला गेली होती. वंदना तिनंच मला शिकवली, निंदायला जाताना, शेताच्या वाटेनं. मी यात्रेला जाते म्हटल्यावर तिनं एकच काम सांगितलं. "त्या झाडाखाली बसजो. आपली वंदना म्हणजो. मोठ्यानं म्हणजो, चोरून नको म्हणू. अन् जयभीम म्हणजो. तिथं आपल्या घरचं कोनी आतापोतर गेलं नाई."

तर मी फाटकाशी ओट्यावर बसले होते, थैली मांडीवर घेऊन. फोन वाजायला लागले. एक थांबला की दुसरा. थैली थरथरायची. येणारे-जाणारे बघायचे, बाईच्या मांडीवर एवढं काय वाजतंय. आतून लाऊडस्पीकरवर भिक्खूंचं पठण ऐकू येत होतं. मग त्यातलाच एक फोन माझा निघाला. आईनं शेजारच्या पोरीकडून लावून घेतला होता.

"पोचली काव?"

"पोचली माय."

"झाडाखाली बसली का?"

पिंपळाचा शेंडासुद्धा दिसत नव्हता तिथून.

"हो. बसली."

"म्हटलं का मंग आपलं?"

"म्हटलं."

"मोठ्यानं?"

"हो माय. मोठ्यानं."

ती हसली. म्हणाली, "आता मी मराले मोकळी."

फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. पंचशीलातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं. ते मी मोडलं. कुठं मोडलं तर त्या फाटकापाशी. आणि कुणासाठी मोडलं? आईला वाईट वाटू नये म्हणून, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. डोळ्याला पाणी आलं नाही. नुसता थकवा आला, लागोपाठ दोन पाळ्या केल्यावर येतो तसा. मी भिंतीला टेकले आणि सगळे बाहेर येईपर्यंत बसून राहिले. बाहेर आल्यावर भाभी म्हणाल्या, "क्या शांती है अंदर, मावशी."

दुसऱ्या सकाळी सरांनी विचारलंसुद्धा नाही. चालता चालता थैली हातात दिली. मी परत घेतली.

आमच्यात एक साहेब होते. बँकेतून रिटायर झालेले आणि आमच्याच समाजाचे. गटात त्यांनी कुणाला तसं कळू दिलं नव्हतं, पण मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. ते त्या दिवशी मागे रेंगाळले. मला वाटलं, म्हणतील, ताई, तुम्ही जा, मी बसतो. ते हळूच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. आपण समजून घेतलं पाहिजे. पुन्हा हीच माणसं म्हणतात, यांना कुठंही आणलं की तक्रारी." आणि आपला फोन थैलीत टाकून आत गेले. सरांचा राग आला नव्हता इतका मला त्यांचा आला. मग वाटलं, मी तरी काय वेगळं करतेय? ते आपलं नाव झाकतात. मी आईशी खोटं बोलून या सगळ्यांना झाकलं.

तिसरा दिवस शेवटचा होता. दुपारी निघायचं होतं. सर थैली घेऊन आले. मी दोन्ही हात पदराखाली घेतले. अक्षरशः धरून ठेवावे लागले.

"सर, आज मी आत जाते."

"मग मोबाईल कोण सांभाळेल?"

"तुम्ही सांभाळा."

सरांना वाटलं मी गंमत करतेय. "अहो, मला ध्यान घ्यायचंय सगळ्यांचं."

"दोन दिवस घेतलं न. आज बसा बाहेर. नाई तं त्या रांगेत उभे राहा सगळे, जग राह्यते तसे."

दवाखान्यात, वर्गात मी कधी अशी बोलत नाही. घरची बोली आपोआप तोंडात आली.

भाभी पुढे झाल्या. "अरे मावशी, आखरी दिन है, आज काहे को..."

"मले मावशी म्हणू नका," मी म्हटलं. "मी तुमच्याहून लहान आहो."

साहेब चपलेकडे बघत होते. मी माझा एकटीचा फोन थैलीतून काढला आणि रांगेत जाऊन उभी राहिले. पाऊण तास लागला. थोड्या वेळानं मागे वळून पाहिलं तर सगळे रांगेत होते, सरसुद्धा.

पिंपळाभोवती कठडा आहे. माणसं दाटीवाटीनं बसलेली, कुठल्या कुठल्या देशांची. मी जागा करून बसले आणि सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. थांबले, थुंकी गिळली, पहिल्यापासून सुरू केलं. मोठ्यानं. आमच्या चालीत. शेवटी जयभीम. तोवर आमची माणसं मागे येऊन बसली होती. कुणी साथ दिली नाही, कुणी अडवलंही नाही. शांती वगैरे मिळाली का, असं मला पुढे कुणी कुणी विचारलं. नाही मिळाली. पाय दुखत होते आणि भूक लागली होती. पण आईला सांगितलं होतं ते आता खोटं राहिलं नव्हतं. दोन दिवस उशिरानं का होईना.

परतीच्या वाटेवर गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. सर एकदाच आले. समजूतदार आवाजात म्हणाले, "तुमच्या आत अजून खूप राग आहे. ध्यान वाढवा."

मी म्हटलं, "आहे, सर." पुढचं काही सुचलं नाही. आता सुचतं. थैली देणाऱ्याच्या आत काय आहे, ते कुणी तपासत नाही. जिच्या मांडीवर ती ठेवली तिलाच औषध सांगतात.

आल्यावर सुट्टीच्या दिवशी एसटीनं आईकडे गेले. ती अंगणात तुरी निवडत होती. मी सगळं सांगितलं, पहिल्या फोनपासून. तिचा हात थांबला.

"दोन दिस बाहेर बसली तू?"

"हो."

"मोबाईल राखत?"

"हो माय."

"मले खोटं काऊन सांगतलं?"

"तुले वाईट वाटन म्हणून."

"मले वाईट वाटन म्हणून त्याईच्यावर पांघरूण घातलं," ती म्हणाली. तुरीचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "माह्या बापानं मले खांद्यावर नेलं, थे काय दारात बसाले नेलं होतं?"

आईनं मला कधी मारलं नाही. त्या दिवशी मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

पुढच्या रविवारी सरांनी वर्गात यात्रेचे अनुभव ठेवले होते. एक एक जण उठून सांगत होता. कुणाला अश्रू आले होते, कुणाला प्रकाश दिसला होता. माझं नाव कुणी घेतलं नाही. शेवटी मीच उठले. काय घडलं ते सांगितलं, थैलीचं, आईच्या फोनचं, पाऊण तासाच्या रांगेचं. शिवी दिली नाही, रडले नाही. माझ्या खोट्याचंही सांगितलं. सर डोळे मिटून बसले होते. सांगून झाल्यावर जयभीम म्हटलं. साहेबांचे ओठ हललेले मी पाहिले, आवाज आला नाही.

बाहेर आल्यावर वर्गातल्या दोघींनी गाठलं. फार काळजीनं म्हणाल्या, तुमच्या वस्तीत विहार आहे ना, तुम्हाला तिथंच बरं नाही का पडणार? आहे विहार. तिथंही जाते. पण हा वर्ग सोडणार नाही. मी सोडला की यांचं ध्यान पुन्हा नीट लागेल, आणि 'राग होता हो तिच्यात' एवढीच माझी गोष्ट उरेल.

वर्गात आता मला पूर्वीसारखी शांतता मिळत नाही. झोप तर मुळीच सुधारलेली नाही. तरी दर रविवारी सात वाजता जाणार आहे. डोळे मिटून झाले की उठून उभी राहणार आणि जयभीम म्हणणार, कुणी उत्तर देवो न देवो. दार लावून घेतलं तर वाजवत राहीन. बाहेर बसणार नाही.