मामांची प्रार्थना आणि शांताबाईंची शेळी

"यंदा हंगामाच्या सणाला जायचंच!" मी माझ्या मैत्रिणीला, रेश्माला, म्हणाले आणि शनिवारी सकाळी लातुरातून स्कूटी काढलीसुद्धा. भक्तिभाव वगैरे काही नव्हता हं. देवबिव मी कॉलेजातच सोडला होता. लोह्याजवळच्या एका गावात माझे मामा ख्रिस्ती मंडळीचे पंच आहेत. पिकं घरात आली की लोक मंदिरात, म्हणजे गावातल्या चर्चमध्ये, आपला पहिला वाटा आणून ठेवतात आणि मामा एकेका घराचं नाव घेऊन देवाचे उपकार मानतात. कुणाची ज्वारी, कुणाचा कापूस, कुणाची विहीर, काही सुटत नाही! त्यांची नक्कल करून मी टाकलेला व्हिडिओ मागच्या वर्षी तुफान चालला होता. आता दुसरा भाग हवा होता.

चाकूर, अहमदपूर, लोहा असा सरळ रस्ता आहे. स्कूटीवर जाणार असाल तर उन्हं चढायच्या आत निघा. अहमदपूरला चुरमुऱ्यांचा गरम सुशीला आणि मिरचीभजी हाणली, दोघींचं शंभरात भागलं. लोह्यापुढे आतला रस्ता खडीचा आहे, पण दोन्ही बाजूंना तूर अशी पिवळीधमक फुलली होती की हाडं खिळखिळी झाल्याचं कळलंच नाही.

मामांच्या गळ्याला मफलर होता. घसा बसलेला, डॉक्टरांनी बोलायलाच बंदी केलेली. कुजबुजत म्हणाले, "तुझा व्हिडू बघितला. समदं पाठ हाय की तुला! उद्या तूच म्हन."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. रेश्मा मात्र डोळे मिचकावत होती. व्हिडिओत सगळ्यात जास्त हशा पिकला होता तो 'शांताबाईच्या शेळीबद्दल, हे प्रभू' या वाक्याला. जेवताना मी विचारलं, "मामा, शेळीचं पण म्हणू का?"

"शेळी मेली दसऱ्यात," मामा म्हणाले. "शांताबाईला ना वावर, ना हिर. समद्यांचं नाव निघतंय, मंग तिचं कशावर घ्यावं? म्हून शेळी."

मला माझीच लाज वाटली.

रविवारी चपला बाहेर काढून सगळे सतरंजीवर बसले, बायका डोक्यावर पदर-ओढण्या घेऊन. पुढे सोयाबीन, कापूस, लाल भोपळे आणि पाय बांधलेली एक कोंबडी! शेवटी शांताबाई आल्या. दुसऱ्यांच्या वावरात वेचलेलं ओंजळभर सोयाबीन त्यांनी पदरातून सोडून ठेवलं.

मी उभी राहिले आणि सवयीनं पहिला शब्द निघाला तो थेट मामांच्या आवाजात. मागची पोरं फिस्सकन हसली. रेश्माचा मोबाइल वर झाला. आणखी एक वाक्य तसंच म्हटलं असतं तर सगळं मंदिर हसलं असतं, आणि मला तो मोह झालाही. मग मामांकडे लक्ष गेलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि त्यांचे ओठ केव्हाच हलायला लागले होते.

मी थांबले. ओढणी सावरून पुन्हा पहिल्यापासून, माझ्या आवाजात सुरुवात केली. चेष्टेसाठी घोकलेलं एकेक नाव बरोबर येत गेलं. शेवटी म्हणाले, "आणि शांताबाईंसाठी, त्यांच्या हातांनी वेचलेल्या सोयाबीनसाठी, प्रभू, तुझे उपकार."

"आमेन!" शांताबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की कोंबडी फडफडली. आणि कुणीही हसलं नाही. काय सांगू, असा आनंद मला माझ्या कुठल्याच व्हिडिओनं दिला नव्हता!

मंदिरामागे धपाट्यांची पंगत बसली. शांताबाई माझ्या पानात दही वाढत म्हणाल्या, "लई ग्वाड बोललीस, माय. मामानं शिकिवलं व्हय?"

"हो," मी म्हणाले. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

वेळ होता म्हणून दुपारी नांदेडला जाऊन विष्णुपुरीचं धरण पाहिलं. तिथेच पाण्याकाठी बसून तो जुना व्हिडिओ पुसला. रेश्मा हळहळली, पण अडवलं नाही.

लातूरला घरी पोचल्यावर तिनं विचारलंच, "मग आता देव मानतेस?"

सगळं पटलंय असं अजून म्हणवत नाही. पण शांताबाईंचं नाव घेताना मी मंदिरातल्या माणसांशी बोलत नव्हते, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.