हंगेरीच्या चिखलासाठी बूट

अनसिंगच्या जानरावांनी रेल्वेत गँगमन म्हणून सारी नोकरी रुळांवर चालून काढली. ऊन असो की थंडी, हातोडा खांद्यावर टाकायचा आणि खडीवरून रूळ बघत जायचं. निवृत्त झाले तरी कोणी भेटला की त्यांची नजर आधी त्याच्या पायांकडे जाई. म्हणून धाकटी लेक धम्मदीपा हंगेरीला निघाली, तेव्हा कपडे, मसाले, औषधं सगळं त्यांनी बायकोवर, भागिरथाबाईंवर सोडलं. बूट मात्र स्वतः घ्यायचे ठरवले.

धम्मदीपा नागपूरला पाली शिकलेली. एका बौद्ध संस्थेने तिला धम्मप्रचारक म्हणून निवडलं होतं. तिकडे गावाबाहेर टाकलेल्या लोकांच्या गरीब वस्त्यांवर मुलांना शिकवायचं, बायकांशी बोलायचं, धम्म सांगायचा. एका वस्तीवरून दुसरीवर जाणं बहुतेक पायीच. थंडीत बर्फ, बर्फ वितळला की चिखल.

वाशीमच्या दुकानात तिने पांढरे, हलके बूट उचलले. जानरावांनी त्यातला एक घेऊन दुमडला, तर तो पोळीसारखा वाकला.

"बाबा, हलके आहेत. दिवसभर चालता येईल."

"हलके हायेत, पन शिवन कुठं हाय? नुसता सोल चिकटवेल हाय. बरफाचं पानी आत गेलं तं बोटं गारठून जातीन तुह्ये."

दुकानदाराने मग वरच्या फळीवरून घोट्याच्या वर येणारे तपकिरी चामडी बूट काढले. शिवण दुहेरी, तळ जाड.

"पण काका, हे माणसांचे हायेत. पोरींसाठी असे येत नाहीत."

"खडीले काय मालूम, वर मानूस चालून राह्यला का बाई?" जानराव म्हणाले. "सगळ्यात लहान नंबर काढ."

तो नंबरही जरा सैलच होता. जानरावांनी लोकरीचे दोन मोजे चढवायला लावले, अंगठ्याने बुटाचं टोक दाबून पाहिलं आणि तिला दुकानात फिरवलं.

"टाच हालते का?"

"नाही."

"मंग हेच."

नवं चामडं पायाला लागणारच. ते गावातच मऊ करून न्यायचं, म्हणून बापलेक रोज संध्याकाळी शेताच्या वाटेने फिरू लागले. पहिल्याच दिवशी धम्मदीपाच्या टाचेला फोड आला. बांधावर बसून तिने बूट काढले.

"बाबा, हे मला नाही झेपणार."

जानराव रागावले नाहीत. घरी नेऊन त्यांनी बुटाची टाच तेल लावून मळली, फोडाला पट्टी बांधली आणि फोड सुकल्यावर तिला पुन्हा बाहेर काढलं. महिनाभरात ती त्यांच्या पुढे चालू लागली.

एके दिवशी त्यांनी परतताना गावातली मोठी गल्ली धरली. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले.

"माह्या बापाले इथून जाताना जोडे हातात घ्या लागे," ते म्हणाले. "कायले, ते तुले सांगाची गरज नाही. तू चाल पुढं."

धम्मदीपा चालू लागली. बुटांचा आवाज गल्लीभर होत होता. ओट्यावर म्हातारे प्रेमसिंग बसले होते. गल्लीतल्या जुन्या जमीनदार घरातले.

"काहून जानराव, पोरगी मिलिटरीत चालली का?"

"नाही प्रेमसिंगभाऊ. हंगेरीले चालली, धम्म सांगाले. लेकरं बी शिकवन तिकडचे."

प्रेमसिंग काठी टेकून उठले आणि घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली, "अवं, बाहीर ये. आपल्या गावची पोरगी परदेशात शिकवाले चालली, पाह्य जरा."

म्हातारी आली. तिने धम्मदीपाच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. जानराव बाजूला उभे होते. इतकी वर्षं त्या गल्लीतून ते मान खाली घालूनच गेले होते. त्या संध्याकाळी ते प्रत्येक ओट्याकडे बघत, कोणी विचारलं की थांबून सांगत घरी आले.

जानेवारीत धम्मदीपाने हंगेरीतून व्हिडिओ कॉल केला. ती वस्तीवरच्या एका सभागृहात होती, मागे बायका आणि लेकरं बसलेली.

"बाबा, यांना तुम्हाला बघायचंय. काहीतरी बोला."

जानराव खुर्चीतून उठले आणि सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"जय भीम. मी जानराव, धम्मदीपाचा बाप."

लेकीने तिकडच्या भाषेत सांगितलं. सगळं सभागृह एकदम, मोडक्या उच्चारात "जय भीम" म्हणालं. जानरावांनी फोनलाच हात जोडले. भागिरथाबाईंनी कोपराने ढोसलं, "बोला ना."

"पोरीले जेवू घालत जा जी," ते म्हणाले. "कामात असली का जेवाचं इसरते."