ताईंनी केलेलं बाळंतपण

अंबरनाथपासून उल्हासनगरपर्यंतच्या टापूत माझ्या थोरल्या जाऊबाईंइतकं दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणारं माणूस शोधून सापडणार नाही. मी त्यांना ताई म्हणते. त्या राहायच्या मोरिवलीत, पण संसार सगळ्या घराण्याचा चालवायच्या. बदलापूरला आमच्याकडे यायच्या त्या न सांगता, आणि चपला काढायच्या आधीच, "कुकर कधीचा लावलाय गं?" म्हणून ओरडायच्या. फोनवर त्यांचा आवाज असा लागायचा, की मध्ये फोन नसता तरी चाललं असतं. शेअर रिक्षात बसल्या की उतरेपर्यंत बाकीच्या प्रवाशांची गावं, आजार आणि सुनांचे स्वभाव त्यांना पाठ झालेले असायचे. खरेदी मात्र फक्त उल्हासनगरची. "कॅम्प एकच्या बाजारात मिळत नाही ती वस्तू बनतच नाही," असं त्यांचं ठाम मत. तिथल्या सिंधी दुकानदारांशी त्या अशा हिंदीत घासाघीस करायच्या, की बिचारे आपण होऊन मराठीवर यायचे.

मला नववा महिना लागला आणि एके दिवशी पोटातली हालचाल थांबली. कळा मात्र सगळ्या सोसाव्या लागल्या. मुलगा झाला, पण रडला नाही. "बघू नको, विसरायला जड जाईल," असं सगळ्यांनी ठरवलं. मीही भिंतीकडे तोंड केलं. माझा नवरा आणि मोठे दीर त्याला घेऊन गेले. घरी आले तर पाळणा दिसेनासा झालेला, आणि कुणीच काही बोलत नव्हतं. जणू मी कुठून तरी नुसती आजारी पडून आले होते.

तिसऱ्या दिवशी दूध आलं. ते येईल असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. छाती दगडासारखी झाली, अंगात कणकण. खालच्या मजल्यावरचं तान्हं रडलं की माझा गाऊन भिजायचा. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची आणि त्या आवाजात रडून घ्यायची.

त्याच दिवशी ताई उगवल्या. हातात तेलाची बाटली, शेकायची शेगडी, पोटाला बांधायचा सुती पट्टा आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. सासूबाई दारातच म्हणाल्या, "अगं, बाळच नाही, तर कसलं बाळंतपण? लोक काय म्हणतील?"

"आई, कंबर हिची मोडलीय. टाके हिला पडलेत. दूध काय लोकांना विचारून आलंय? ही बाळंतीण आहे. सव्वा महिना मी करणार हिचं."

दुसऱ्या दिवशी त्या कॅम्प एकहून सहा कोबी घेऊन आल्या. कोबीची थंड पानं बांधली की ठणका कमी होतो, हे त्यांना कुणीतरी रिक्षात सांगितलं होतं. "भाजीवाला विचारतो, इतनी गोभी, घर में शादी है क्या? म्हटलं, भाजी नहीं बनाने का, बांधने का है, बडा बडा पत्ता दिखाव. मग तिथेच एकेक पान छातीला लावून मापानं घेतलं." भर बाजारात कोबी छातीशी धरून उभ्या ताई मला दिसल्या आणि हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदा मी हसले. हसताहसता रडायला लागले. "हस गं. रड पण. टाके तेवढे सांभाळ," म्हणत त्या पानं बांधत राहिल्या. उरलेल्या कोबीची भाजी दोन्ही घरांनी आठवडाभर मुकाट्यानं खाल्ली.

रोज मोरिवलीहून यायच्या, पाठ चोळायच्या, अखंड बोलायच्या. फक्त त्याच्याबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत. शेवटी एका दुपारी मीच विचारलं, "ताई, तुम्ही त्याला पाहिलंत?"

त्यांचा हात थांबला. "पाहिला. घेतला पण. नर्सने मागितला तरी लगेच दिला नाही."

"कसा होता?"

"केस भरपूर होते. कपाळ भाऊजींचं. हनुवटीला खळी होती, ती कुणाची ते नाही समजलं."

"माझ्या बाबांची," मी म्हणाले.

"हां. मग बरोबर," एवढंच बोलून त्या पुन्हा तेल लावायला लागल्या. त्या दिवसापासून माझ्या मुलाला चेहरा आहे.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले. दवाखान्यात नाव घालायला अर्थातच ताई सोबत. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पहिलंच ना?" मी हातातल्या फाइलमधले कागद चाळायला लागले. "दुसरं," ताईंचा आवाज अख्ख्या हॉलला ऐकू गेला. "पहिला मुलगा होता. लिहा तसं."

मुलगी झाली. आता ती शाळेत जाते. ताई वांगणीला धाकट्या लेकाकडे राहतात, गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाहीत. सोसायटीत नवीन कुणी आलं की मला विचारतं, "तुम्हाला मुलं किती?" मी "एक" म्हणते. समोरची बाई हसून पुढे जाते, आणि मी जिन्यात थोडा वेळ तशीच उभी राहते.