दोनशे पावलांवरून परतलेली ताई

डॉक्टरनं ताईला रोज चालायला सांगितलं, तर ही बाई धावायलाच लागली! ताई म्हणजे माझी मोठी बहीण. वय बावन्न, करडी गावात धानाची शेती. तिच्या लेकीनं मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये दहा किलोमीटरसाठी तिचं नाव टाकलं आणि सोबतीला मी निघालो. भंडाऱ्यात माझं पितळी भांड्यांचं दुकान आहे. मेडल टांगायला गल्ल्यामागं खिळा ठोकला, बाजारभर सांगितलं, मगच निघालो.

भंडाऱ्याजवळच्या वरठी स्टेशनवरून थेट गाडी आहे, स्लीपर पाचशे-सहाशेत. तिखट पुऱ्या घरूनच घ्या. दादरच्या लॉजनं मात्र दोन हजार घेतले. संध्याकाळी ताईला समुद्र दाखवला.

"बाप्पा! या तलावाची पार कुठं आहे रे?" एवढं म्हणून ती पलीकडचा बांध शोधत राहिली.

रविवारी उजाडायच्या आतच निघा, रस्ते बंद होतात. आणि काय सांगू! एरवी गाड्यांनी भरलेला रस्ता, त्यावर नुसती माणसंच माणसं. म्हातारे, आंधळे, कुबड्या घेतलेलेसुद्धा. अनोळखी लोक संत्र्याच्या फोडी हातात देत होते, छातीवरच्या कागदावरचं नाव वाचून ओरडत होते, "चला कांताताई!" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मी कडेला उभा होतो तिथून शेवटची रेघ दोनशे पावलांवर; वेळेत पोचलं की मेडल, आणि वेळ संपायला दहा मिनिटं. ताई माझ्यासमोरून गेली, मागं वळून पाहिलं आणि उलटी फिरली!

"ताई, तिकडं कुठं?" मी बोंबललो. ती गर्दीत दिसेनाशी झाली.

वीस मिनिटांनी आली, एका लंगडणाऱ्या बाईला खांद्याचा आधार देत. वेळ संपली होती. मेडल दोघींनाही नाही.

"काहून परतली तू?" मी चिडलोच.

"अरे, सुरुवातीपासून माझ्यासंगं होती ते. रोवन्यात मागं राहिलेलीले सोडून आपन बांधीतून निघतो का?"

खरं आहे. धान रोवताना आमच्याकडे एखादी मागं पडली, की बाकीच्या तिची ओळ पुरी करतात, मगच सगळ्या शेताबाहेर येतात. हे मी लहानपणापासून पाहत आलो, आणि तिथं मेडल मोजत उभा होतो. लाज वाटली मला. ती लंगडणारी मुंबईची बाई ताईचा हात सोडायला तयार नव्हती.

आता त्या खिळ्यावर ताईच्या नावाचा तो कागद आहे, घामानं चुरगळलेला. गिऱ्हाईक विचारतं, "कितवी आली?"

मी छाती फुगवून सांगतो, "शेवटची. पण एकटी नाही आली."